चार जुलैची ताडपत्री

मित्रांनो, माझी घडी उलगडायची तर चार माणसे लागतात आणि वारा असेल तर आठही पुरत नाहीत. आज मात्र मी स्वतःच स्वतःला उलगडून दाखवणार आहे. ते नीट जमेल याची खात्री नाही. मी जुनी ताडपत्री आहे, बोलण्याची मला सवय नाही. माझे सारे आयुष्य जमिनीकडे तोंड करून गेले. त्यामुळे जे सांगेन ते पाहिलेले कमी आणि ऐकलेले जास्त आहे. ऐकण्यात चूक होऊ शकते, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म मोठ्या युद्धाच्या शेवटच्या वर्षी झाला. जाड सुती कापडाच्या पट्ट्या एकमेकींना जोडून, त्यांना तेल आणि मेण पाजून मला शिवले. शिवणाऱ्या सगळ्या बायका होत्या. त्यांचे नवरे आणि भाऊ समुद्रापलीकडे लढत होते. तिकडेच मला तोफा झाकायला पाठवणार होते. पण मी गाडीत चढण्याआधीच युद्ध संपले. माझी शेवटची दोरी ओवताना एक बाई शेजारणीला म्हणाली, "बरं झालं बाई. आता हिच्याखाली काहीतरी चांगलं झाकतील." ते वाक्य मी अजून जपून ठेवले आहे.

सरकारने उरलेला माल विकायला काढला, तेव्हा नदीकाठच्या केल्सो बेंड गावाने मला घेतले. गावात पिठाची मोठी गिरणी होती, म्हणून तिथल्या बेसबॉल संघाचे नाव मिलर्स, म्हणजे गिरणीवाले. माझे काम सोपे होते. पाऊस आला की मैदानाच्या मधल्या मातीवर मला पसरायचे आणि पाऊस गेला की गुंडाळून कडेच्या कुंपणाला लावून ठेवायचे. गवत भिजले तर चालते. माती भिजली तर खेळ होत नाही, कारण धावणारा घसरतो आणि चेंडू चिखलात रुतून बसतो.

तुमच्या लक्षात आलेच असेल, मित्रांनो. मी मैदानात असते तेव्हा खेळ नसतो आणि खेळ असतो तेव्हा मी मैदानात नसते. मला ओढत आणताना पाहिले की लोक हुर्यो करत. शेंगांच्या पुड्या भिजत, बायका मुलांच्या डोक्यावर पदरासारखी वर्तमानपत्रे धरून घरी निघत आणि जाता जाता माझ्याकडे असे बघत, जणू पाऊस मीच आणला आहे. सुरुवातीला मला फार वाईट वाटे.

एकच माणूस माझ्याशी आदराने वागे. त्याचे नाव ऑगस्ट लिंडर. गाव त्याला गस म्हणे. मैदानाची सगळी देखभाल त्याच्याकडे होती. माती चाळणे, गवत कापणे, चुन्याच्या रेघा मारणे. मला तो 'बाईसाहेब' म्हणायचा. "चला बाईसाहेब, आभाळ आलंय," असे म्हणत तो माझी दोरी सोडायचा. पाऊस गेल्यावर मला गवतावर पसरून दोन्ही बाजूंनी ऊन दाखवायचा, मगच गुंडाळायचा. त्यात त्याने कधी कुचराई केली नाही.

गसला एक धाकटा भाऊ होता, थिओ. बाप गिरणीतल्या अपघातात गेला तेव्हा थिओ इतका लहान होता की गसनेच त्याला वाढवले. थिओ मिलर्सचा कॅचर होता, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, चेंडू झेलणारा. हे काम माणसाचे गुडघे खाते. मी ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी थिओच्या गुडघ्यांनी हार मानलेली होती. हा त्याचा शेवटचा हंगाम, हे त्याने गसला माझ्यावर बसूनच सांगितले होते.

आता तुम्हाला ताऱ्यांच्या सामन्याविषयी सांगायला हवे, नाहीतर पुढचे समजणार नाही.

मोठ्या शहरांच्या संघांमध्ये वर्षाच्या मध्यावर एक सामना होतो. सगळ्या संघांतले निवडक खेळाडू त्या दिवशी एकत्र येतात. तो सामना आपल्या गावी व्हावा अशी प्रत्येकाची इच्छा असते. तिथे तो मान कधी आळीपाळीने मिळतो, कधी नवे मैदान बांधले म्हणून मिळतो. आमची स्पर्धा लहान होती, आठ गावांची. आमच्याकडे नवे मैदान बांधणार कोण? म्हणून आमच्या जुन्या माणसांनी साधी रीत ठरवून ठेवली होती. चार जुलैच्या, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्यदिनाच्या, संध्याकाळी जो संघ पहिल्या क्रमांकावर असेल, त्याच्या गावी ताऱ्यांचा सामना व्हायचा. उरलेल्या सात गावांचे निवडक खेळाडू मिळून एक संघ व्हायचा आणि त्यांच्याशी यजमान गावाचा आख्खा संघ खेळायचा. जसा असेल तसा. म्हातारे, लंगडे, कधीच न निवडले गेलेले, सगळे.

मला ही रीत फार चांगली वाटते. अर्थात माझ्या वाटण्याला काय किंमत? पण थिओला दर वर्षी कोणी ना कोणी तरुण कॅचर मागे टाकायचा आणि ताऱ्यांमध्ये त्याची निवड कधी झाली नाही. त्याच्यासाठी आता एकच दार उरले होते. गाव यजमान झाले, तर तो त्या सामन्यात खेळणार होता. नाहीतर कधीच नाही.

त्या वर्षी तीन जुलैला मिलर्स पहिले होते आणि कार्डिन गावाचा संघ अगदी पाठीला लागलेला दुसरा. आणि चार जुलैचा सामना आमच्याच मैदानावर, कार्डिनशीच. जिंकलो तर आम्ही यजमान. हरलो तर कार्डिन. कार्डिनकडे सेटल नावाचा डावखुरा पिचर होता. त्याच्यासमोर आमचे फलंदाज आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे बॅट फिरवत. त्यामुळे जिंकण्याची आशा कोणी बाळगली नव्हती. पण तिसरी एक वाट होती. पावसाने सामना झालाच नाही, तर आम्ही जिथे होतो तिथेच राहणार होतो, म्हणजे पहिले.

आणि तीन तारखेला दुपारपासून आभाळ भरून आले.

आमच्या स्पर्धेचा नियम असा होता की सामना सुरू होईपर्यंत मैदान खेळण्याजोगे आहे की नाही हे यजमान संघ ठरवतो. ताडपत्री घातलीच पाहिजे असे कुठेही म्हटलेले नव्हते. आदल्या वर्षी कार्डिनने हेच केले होते. आपले मैदान पावसात उघडे टाकले, चिखल झाला, आमच्याशी सामना झाला नाही आणि ताऱ्यांचा सामना त्यांच्याकडे गेला. त्या वेळी गस इतका भडकला होता की तिकिटाच्या खिडकीपाशी, साऱ्या गावासमोर तो म्हणाला, "मैदान उघडं टाकून घरी जातो तो मैदानाचा माणूसच नाही. त्याने कोंबड्या पाळाव्यात!" लोक खूप हसले होते. ते वाक्य गावात वर्षभर फिरत राहिले.

आता तिकिटाच्या खिडकीतली ऑर्फाबाई, जिची जीभ गिरणीच्या पात्यासारखी होती, गसला पाहून म्हणाली, "काय गस, आभाळ बघितलंस? मग कोंबड्यांचं काय ठरलं?"

"गप बस, ऑर्फा."

"मी गपच आहे. गाव बोलतंय. माझ्या मावशीकडे पिल्लं आहेत, हवी तर सांग."

गस हसला नाही. तो माझ्यापाशी येऊन बसला. थोड्या वेळाने संघाचे अध्यक्ष, मिस्टर ट्रूसडेल आले. त्यांचे लाकडी सामानाचे दुकान होते. ते वाईट माणूस होते असे मी म्हणणार नाही. भिजल्या दिवसांतही ते स्वतः येऊन खेळाडूंना कॉफी देत. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "गस, ही जुनी झाली रे आता."

"इतकी काही नाही झाली, साहेब."

"अरे, मी म्हणतोय ना जुनी झालीय. जुनी वस्तू पावसात कशाला काढायची? राहू दे तिला आहे तिथे."

"मैदान भिजेल."

"भिजू दे की. पाऊस देवाचा आहे, तुझा-माझा नाही. आपण काही पाणी ओतायला चाललो नाही."

मिस्टर ट्रूसडेल निघाले आणि चार पावलांवरून परत वळले. "मी काही गावासाठी म्हणून म्हणत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझ्या भावासाठी म्हणतोय. त्याचे गुडघे बघितलेस ना? पुढल्या वर्षी नाही तो. तू त्याला बापासारखा वाढवलास. एक संध्याकाळ घरी जाऊन जेवायचं, एवढंच तर करायचंय तुला."

ते गेले. पहिले थेंब पडले. मी वाट पाहत होते. खरे सांगू का, मित्रांनो, त्या वेळी मलाही वाटले की याने मला आज उलगडू नये. मलाही थिओ आवडत होता. थेंब वाढले. गस उठला, फाटकापर्यंत गेला, टोपी सारखी केली, फाटकाला हात लावून तसाच उभा राहिला. मग परत आला आणि माझी दोरी सोडू लागला.

"चला बाईसाहेब," तो म्हणाला.

एरवी मला ओढायला खेळाडू येत, शेंगा विकणारे येत. त्या दिवशी कोणीच आले नाही. सगळ्यांनी एकमेकांना न सांगता घरी राहायचे ठरवले होते. गसने एकट्याने माझे एक टोक धरले आणि ओढले. मी भिजून जड झाले होते. मी थोडी सरकले आणि वाऱ्याने परत फडफडून त्याच्याच अंगावर आले. तो पडला, उठला, पुन्हा ओढू लागला.

तेवढ्यात फाटक वाजले. थिओ होता.

"काय चाललंय, म्हाताऱ्या?"

"दिसत नाही?"

"दिसतंय. एकट्याने होतं होय हे?"

"तू घरी जा, थिओ."

"ट्रूसडेल भेटला मला वाटेत. म्हणाला, भावाला समजाव."

गसने माझे टोक सोडले नाही, पण तो थांबला. "मग समजाव," तो म्हणाला. "तू सांगितलंस तर मी घरी जातो. तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही. सांग."

पाऊस माझ्यावर वाजत होता. थिओ मैदानाकडे बघत उभा राहिला. फलंदाजाची जमिनीत बसवलेली पांढरी पाटी, तिच्यामागची त्याची बसायची जागा, जिथे त्याच्या बुटांनी वर्षानुवर्षे दोन खळगे केले होते. त्या खळग्यांत पाणी साचू लागले होते.

"ते टोक काय धरलंयस?" थिओ एकदम ओरडला. "वाऱ्याच्या बाजूने धरतात! एवढी वर्षं झाली आणि एवढं कळत नाही?" आणि लंगडत येऊन त्याने माझे दुसरे टोक खांद्यावर घेतले.

दोघांनाही मी आवरत नव्हते. तेव्हा खिडकी आपटल्याचा आवाज झाला आणि ऑर्फाबाई चपला हातात घेऊन चिखलातून आली. "मूर्ख आहात दोघे," ती म्हणाली. "जन्माचे मूर्ख. कुठे धरायचं ते सांगा." तिघांनी मिळून, अंधार पडायच्या आत, मला कसेबसे पसरले. सगळ्या कडा नीट बसल्या नाहीत. पण मी त्या खळग्यांवर पडले होते. रात्रभर पाऊस माझ्यावर पडला आणि खाली माती कोरडी राहिली. तोफांऐवजी मी दोन खळगे झाकले. त्या शिवणाऱ्या बाईची मला तेव्हा आठवण झाली.

चार तारखेला सकाळी लख्ख ऊन पडले. बँड वाजवत मिरवणूक आली, कार्डिनची बस आली. मला घाईघाईने गुंडाळून डाव्या बाजूच्या कुंपणाला लावले, ओलीच. सामना झाला. मी कुंपणाकडे तोंड करून पडले होते, म्हणून फक्त ऐकले. सेटलचे चेंडू बॅटला लागल्याचे आवाज फार थोडे आले. तरीही आमची माणसे चिवटपणे लढली असावीत, कारण शेवटच्या डावापर्यंत आम्ही एकाच धावेने मागे होतो. शेवटचा फलंदाज थिओ होता. सगळे मैदान त्याचे नाव घेत होते.

त्याने मारला. चेंडू उंच गेला, हे मला लोकांच्या श्वासावरून कळले. पण तो सरळ न जाता बाजूला, कुंपणाकडे, माझ्याकडे येत होता. तो प्रेक्षकांत पडला असता तर थिओला आणखी एक संधी मिळाली असती. बुटांचा आवाज धावत जवळ आला आणि कार्डिनचा एक उंच खेळाडू माझ्यावर आडवा कोसळला. त्याचा हात कुंपणावर गेला. चेंडू त्याच्या हातातल्या चामडी मोज्यात होता.

थिओ बाद झाला आणि आम्ही हरलो. तो खेळाडू धापा टाकत माझ्यावर पडून होता. मी मऊ नसते, तर त्याच्या बरगड्या मोडल्या असत्या. यात मी चांगले केले की वाईट, ते मला अजून कळलेले नाही.

ताऱ्यांचा सामना कार्डिनला गेला.

पुढचे दिवस मला आठवतात ते वासाने. मी ओली गुंडाळलेली होते, जुलैचे ऊन वरून भाजत होते आणि आत पाणी सडत होते. मला उलगडायला कोणी आले नाही. गसला मिस्टर ट्रूसडेलनी "काही दिवस घरीच राहा, लोकांचा राग जाऊ दे" असे सांगितले होते. लोक कुंपणापाशी आले की मला लाथ मारून जात. "हीच ती," म्हणत. माझ्या अंगावर काळे ठिपके उमटू लागले. मित्रांनो, ताडपत्री फाटते त्याला इलाज असतो. सडते त्याला नसतो. ओल आत राहिली की आम्ही आतल्या आत मरतो आणि बाहेरून कोणाला काही दिसत नाही.

एका सकाळी कोणीतरी माझी दोरी सोडली. थिओ होता. एकटाच. त्याने मला गवतावर उलगडायला सुरुवात केली आणि वास येताच तोंडावर रुमाल बांधला. थोड्या वेळाने फाटक वाजले आणि गस आला. त्याला घरी राहवले नसावे. दोघांनी झाडू घेतले आणि माझ्या अंगावरची बुरशी खरवडू लागले.

"तुझा राग आलाय गावाला," थिओ शेवटी म्हणाला.

"तुला?"

"मला टोक धरायला कोणी लावलं नव्हतं."

"ते नाही विचारलं मी."

थिओने झाडू थांबवला. "आलाय," तो म्हणाला. "थोडा आलाय. वाळेल." आणि पुन्हा खरवडू लागला.

ते असे काम करत असतानाच फाटकासमोर एक मालवाहू मोटार थांबली आणि तिच्यातून एक बारीक, लाजाळू माणूस उतरला. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. तो कार्डिनच्या मैदानाची देखभाल करणारा एल्मर पूल होता.

"मिस्टर लिंडर," तो म्हणाला, "उद्या सामना आहे आमच्याकडे. आणि आज रात्री पाऊस येणार म्हणतात. आमच्या ताडपत्रीचा... म्हणजे ती राहिली नाही. सडली."

"गेल्या वर्षी तर चांगली होती," थिओ म्हणाला.

"हो. म्हणजे गेल्या वर्षी ती... काढलीच नव्हती ना. गुंडाळलेली भिजली आणि तशीच पडून राहिली. मला वरून सांगितलं होतं, काढू नकोस." त्याने टोपी फिरवली. "तुमचं ते कोंबड्यांचं आमच्या गावापर्यंत आलं होतं, मिस्टर लिंडर. मी खरंच पाळतो कोंबड्या."

गस त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटले हा आता त्याला हाकलून देणार. पण गस खाली बसला आणि हसायला लागला. गेल्या कित्येक दिवसांत तो पहिल्यांदा हसत होता. "अंडी आणलीस का?" त्याने विचारले.

"आणलीत," एल्मर म्हणाला. खरेच, गाडीत टोपलीभर अंडी होती.

"गस, ही तू त्यांना देणार?" थिओ म्हणाला. "त्यांना?"

"त्यांना कुठे देतोय? मैदानाला देतोय, भिजेल ते," गस म्हणाला. "आणि हिला एकट्या एल्मरला ओढता येणार नाही. मी जातो बरोबर. तू काय करणार?"

थिओने झाडू कुंपणाला टेकवला. "वाऱ्याची बाजू तुला कळत नाही," तो शेवटी म्हणाला. "यावंच लागेल."

अशी मी कार्डिनला गेले. रात्रभर तिथल्या मातीवर पसरले आणि पाऊस अंगावर घेतला. सकाळी मला गुंडाळताना कर्ण्यावरून कोणीतरी सांगितले की ही ताडपत्री केल्सो बेंडहून आली आहे, आणि लवकर येऊन बसलेले लोक टाळ्या वाजवू लागले. मित्रांनो, माझ्यासाठी टाळ्या! मला कुठे बघावे ते कळेना. गसने माझ्यावर हात ठेवला. तेवढेच मला पुरले.

तिथेही मला डाव्या कुंपणाला लावले होते. गस आणि थिओ माझ्यावर बसून सामना बघणार होते. आमच्या शेजारीच पाहुण्या ताऱ्यांचे पिचर हात गरम करायला येणार होते. पण सामना सुरू व्हायच्या आधी त्यांचा दुसरा कॅचर सरावात बोट मोडून बसला आणि पहिला तर खेळात असणार होता. पिचरांचे चेंडू झेलायला कोणी नव्हते. त्यांचा प्रमुख इकडेतिकडे बघत असताना त्याला थिओ दिसला.

"लिंडर? तू इथे काय करतोस?"

"ताडपत्री ओढायला आलोय."

"मोजा आहे का रे बरोबर?"

गस म्हणाला, "गाडीत आहे."

थिओने वळून पाहिले. "तुला काय माहीत?"

"सीटखाली कोंबलास तेव्हा मी आरशातच बघत होतो."

मग थिओ लंगडत गाडीपर्यंत गेला आणि मोजा घेऊन परत आला. तो माझ्या अगदी जवळ, कुंपणाला पाठ लावून उकिडवा बसला आणि पिचर त्याच्याकडे चेंडू टाकू लागले. चेंडू मोज्यात बसल्याचा आवाज मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. तो कोरडा, भरीव आवाज असतो. डावामागून डाव तो तिथेच बसून होता. एक पिचर गेला की दुसरा यायचा. प्रेक्षकांचे लक्ष समोरच्या खेळाकडे होते. थिओकडे कोणी पाहत नव्हते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचे नाव आले नाही. पण ज्या पिचरने शेवटचा डाव जिंकून दिला, तो मैदानात जाण्याआधी थिओकडे आला आणि त्याच्या मोज्यावर आपली मूठ आपटून गेला. ते मी जाणले, कारण थिओचा एक हात तेव्हा माझ्यावर टेकलेला होता.

परतताना मी गाडीच्या मागच्या भागात होते आणि माझ्या आणि त्यांच्यामधली काच उघडी होती.

"मग," गसने विचारले, "खेळलास म्हणायचं की नाही?"

"नाही," थिओ म्हणाला. मग पाय चोळत त्याने पुढे म्हटले, "पण गुडघे मात्र खेळल्यासारखे दुखतायत."

घरी पोहोचल्यावर दोघेही थकले होते. तरी त्यांनी आधी मला मैदानात नेऊन गवतावर पसरले, दोन्ही बाजूंना ऊन दाखवले आणि मगच ते जेवायला गेले.

पुढे ती रीत बदलली. चार जुलैला पहिला कोण, हे विचारणे बंद झाले. ज्याला सामना हवा त्या गावाने अर्ज करायचा आणि समितीने येऊन पाहून ठरवायचे, असे झाले. आमच्याकडेही समिती आली. त्यांना दाखवायला एक नवी, चकचकीत प्लॅस्टिकची ताडपत्री आणली होती आणि मला मागे सारले होते. समितीने गावात राहण्याच्या खोल्या किती, गाड्या उभ्या करायला जागा किती, नवा मंडप कधी बांधणार, हे विचारले. त्यात काही चूक होती असे मला म्हणवत नाही. पाहुण्यांना झोपायला जागा लागतेच. पण म्हातारे, लंगडे आणि कधीच न निवडले गेलेले यांचे काय, हे कोणी विचारले नाही. सामना मोठ्या मैदानाच्या गावाला गेला. काही वर्षांनी आमची स्पर्धाच बंद पडली. मग गिरणीही.

गस गेला. थिओ त्याच्यानंतर बरीच वर्षे शाळेच्या मुलांना चेंडू झेलायला शिकवत होता. माझा चांगला राहिलेला तुकडा त्याने कापून, कडा पुन्हा शिवून शाळेच्या मैदानासाठी दिला. आता थिओही नाही. मी आहे. पाऊस आला की मुले मला फलंदाजाच्या पाटीवर आणि तिच्यामागच्या दोन खळग्यांवर पसरतात. खळगे आता दुसऱ्या कोणाच्या बुटांचे आहेत.

पण मित्रांनो, ही मुले घाईत असतात. पाऊस थांबला की मला गोळा करतात, ओलीच खोलीत फेकतात आणि घरी पळतात. माझ्या शिवणीत पुन्हा काळे ठिपके दिसू लागले आहेत. मी त्यांना ओरडून सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या गावात कुठे अशी एखादी ताडपत्री असेल, तर पाऊस येण्याआधी तिला काढा, मग त्या पावसात तुमचा फायदा असो वा नसो. एकट्याला ओढवली नाही तर हाक मारा, कोणीतरी लंगडत का होईना येईल. आणि तिला कधी ओली घडी घालू नका. आधी पसरा. दोन्ही बाजूंना ऊन दाखवा. वाळायला वेळ लागतो, तेवढा वेळ तिच्याजवळ बसा.